नमुना गोपनीय अहवाल

मुख्याध्यापकाच्या खोलीत एकटीनं डबा खाणं ही शिक्षाच आहे, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या खुर्चीकडं बघितलंसुद्धा नसतं. हे खोटं. बघितलं असतं. मला हवीच होती की ती खुर्ची. या दोन वर्षांत मला खोटं बोलायची सवय लागलीय, ती आधी मोडायला पाहिजे.

आमच्या प्रशालेत एक रीत आहे. शिक्षकाचा मुख्याध्यापक झाला की त्यानं शिक्षक-खोलीत डबा उघडायचा नाही. कुठल्या परिपत्रकात असं लिहिलेलं नाही, पण तिथं पंधरा माणसं जेवायला बसतात तेव्हा निम्मा वेळ मुख्याध्यापकाला नावं ठेवण्यात जातो. ज्याला नावं ठेवायची तोच मांडीला मांडी लावून बसला तर लोकांच्या घशाखाली घास उतरायचा कसा? मीही तेवीस वर्षं तेच केलं. जुन्या सरांच्या चालण्याची नक्कल मी इतकी झकास करायचे की प्रेमलाला ठसका लागायचा.

ही प्रेमला माझ्याआधी दोन दिवस नोकरीला लागली. ती चौदा जूनला, मी सोळाला, पंचवीस वर्षांपूर्वी. शाळेच्या दुनियेत दोन दिवस म्हणजे थट्टा नव्हे. सेवाज्येष्ठता यादीत ती वर, मी खाली, त्यामुळं जुने सर निवृत्त झाले तेव्हा खुर्ची तिची होती. तिनं बाँडवर नकारपत्र लिहून दिलं, की मुख्याध्यापकपदावरचा माझा हक्क मी स्वखुशीनं सोडत आहे. संस्थेच्या कचेरीतून बाहेर पडल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, "प्रेमा, अगं का गं?"

"मला नको ती कटकट. तुला हौस आहे, तू बस."

"आणि मी जेवू कुणाबरोबर?"

"मी येईन की रोज. तुझ्या त्या भल्यामोठ्या टेबलावर दोघी जेवू. कोण काय म्हणतंय ते बघू."

आणि आली की. दोन वर्षं एक दिवस चुकवला नाही. मधली सुट्टी झाली की दारात उभी राहून, "येऊ का हो, हेडबाई?" असं चिडवायची आणि परवानगीची वाट न बघता खुर्ची ओढायची. मग मी बोलायचे. संस्थेचे अध्यक्ष काय म्हणाले, वेतन पथकानं कुणाचं पगारबिल अडवलं, कोणत्या शिक्षकानं रजेचा अर्ज न देता दांडी मारली, सगळं. तिच्यापाशी सगळं ओकून टाकायचे. घरी मला बोलायला कोण आहे? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. श्रावणी, माझी लेक, पुण्यात नोकरीला. तिचा फोन "जेवलीस का" आणि "गोळी घेतलीस का" याच्यापुढं जात नाही. अख्ख्या दिवसात माणसासारखं बोलणं व्हायचं ते त्या पंचवीस मिनिटांतच.

तर मागच्या जूनमध्ये अध्यक्षांनी फर्मान काढलं, की बाई, शालेय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका करून टाका. बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसले. दर रविवारी एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर आमचे तास. चाळीस जण होतो. निम्मे माझ्यासारखे खुर्चीत बसून गांगरलेले आणि निम्मे खुर्चीवर डोळा ठेवून असलेले. माझ्या शेजारी अकलूजची देवयानी बसायची, तीन रंगांची पेनं घेऊन. तिनं पहिल्याच रविवारी मला विचारलं, "मॅडम, मुख्याध्यापक झाल्यावर सगळ्यात अवघड काय जातं?" मी म्हटलं, "डबा." तिला वाटलं मी शालेय पोषण आहाराबद्दल बोलतेय. तिनं ते हिरव्या पेनानं लिहून घेतलं.

शिकवायला शिवयोगी सर होते. अक्कलकोटकडचे, बावीस वर्षं मुख्याध्यापक राहून निवृत्त झालेले, आणि राग आला की कन्नडमध्ये पुटपुटणारे. आमच्या घरीही कन्नडच, त्यामुळं ते काय पुटपुटतात ते वर्गात मला एकटीलाच कळायचं. ऐकण्याजोगं नसायचंच ते. माणूस मात्र खरा. पुस्तक मिटून बोलायला लागले की चाळीसही जण गप्प बसायचे.

जानेवारीत त्यांनी चौथा स्वाध्याय दिला. आपल्या हाताखालच्या एका शिक्षकाचा नमुना गोपनीय अहवाल लिहा. "नाव बदला," सर म्हणाले, "पण माणूस खरा घ्या. ज्याच्याबद्दल लिहिताना हात अडखळेल, तोच घ्या. लाडक्या माणसाबद्दल खरं लिहिता येत नसेल तर ही खुर्ची सोडा आणि घरी जाऊन भाजी निवडा." मागच्या वर्षी लोकांनी एकमेकांचं बघून उतरवलं होतं म्हणून यंदा नवी अट होती: प्रत्येक पानावर मुख्याध्यापकाची सही आणि शाळेचा गोल शिक्का.

हात कुणाबद्दल अडखळणार, हे मला बसल्या जागी कळलं होतं.

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पालकांच्या तीन तक्रारी होत्या. तिन्ही प्रेमलाच्या. नववीला इतिहास शिकवणाऱ्या बाई नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. पोरांनी काही विचारलं तर उत्तर देत नाहीत, दुसरीकडंच बघतात. वर्गात मासळीबाजार भरतो आणि बाई शांत बसतात. मीही जाता-येता ते बघत होते. हीच प्रेमला पूर्वी एका नजरेत साठ पोरं गप्प करायची. रोज ठरवायचे, आज बोलायचंच. डबा उघडायचा, आणि ती आपल्या डब्यातली लोणच्याची फोड माझ्या झाकणात ठेवायची, आणि मी वेतन पथकाचं पुराण सुरू करायचे. मला भीती एकच होती, ती यायची बंद झाली तर? म्हणून मी पालकांशी खोटं बोलले, अध्यक्षांशी खोटं बोलले, आणि तक्रारी दाबून ठेवल्या.

कागदावर मात्र हात थांबेना. दोन वर्षांचं साठलेलं भडाभडा बाहेर आलं. 'वर्गावर नियंत्रण नाही. विद्यार्थ्यांच्या शंकांकडे दुर्लक्ष. वह्या तपासलेल्या नाहीत. पूर्वी उत्तम असलेल्या शिक्षिकेने कामातून मन काढून घेतले आहे व त्याची तिला खंतही दिसत नाही.' नावाच्या रकान्यात 'श्रीमती अ. ब. क.' असं घातलं. विषय, वर्ग, नियुक्तीचा दिनांक मात्र खरे ठेवले. सर म्हणाले होते ना, माणूस खरा घ्या. सोमवारी शाळेत गेल्यावर पानापानावर सही केली, शिक्का मारला, आणि झेरॉक्स काढायचा म्हणून टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमध्ये आमच्या शिक्षकांचे खरे गोपनीय अहवाल पडले होते. संस्थेनं यंदा ते लवकर मागवले होते, आणि प्रेमलाचा तेवढा मी अजून लिहिला नव्हता. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. कुठं होतं डोकं, देव जाणे!

गुरुवारी प्रेमला जेवायला आली नाही.

मला वाटलं, उपास असेल. शुक्रवारी पण नाही. बजाबाईला, आमच्या शिपाईबाईला, बघायला पाठवलं. ती येऊन म्हणाली, "मॅडम तितं सगळ्यांत बसून जेवाय लागल्यात." मी डब्याचं झाकण लावलं. तेवढ्यात अजिनाथ आला. अजिनाथ आमचा क्लार्क, मोडनिंबहून रोज ये-जा करतो, कामाला चोख. इतका चोख की कधीकधी हात जोडावेसे वाटतात. त्यानं माझ्यापुढं एक कागद ठेवला.

"हे काय आहे?"

"पोच हाय मॅडम. प्रेमला मॅडमच्या प्रतिकूल शेऱ्याची. बुधवारीच दिलं त्यास्नी पत्र."

मी कागद बघितला. खाली तिची सही, तारीख, वेळ.

"अरे अजिनाथ, त्यात नाव कुठं होतं?"

"न्हवतं. गोपनीय म्हणून तुमी घातलं नसंल, असं वाटलं मला. मग मीच घातलं की. चौदा जूनला आपल्यात एकच माणूस लागलंय." त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मागं एकदा तपासणीत त्याला लई बोलून घेतलं होतं, प्रतिकूल शेरा असेल तर तो त्या माणसाला लेखी कळवावा लागतो आणि तू कळवला नाहीस म्हणून. तेव्हापासून या बाबतीत तो एक दिवस उशीर करत नाही. आणि सगळ्यांच्या नेमणुकीच्या तारखा त्याला तोंडपाठ.

"आणि पत्रावर सही कुणाची?"

"तुमचीच की मॅडम! मंगळवारी शिष्यवृत्तीच्या फॉर्मासंगं घेतली न्हवं का."

घेतली असणार. मी सही करताना कागदाचा फक्त खालचा कोपरा बघते. अजिनाथवर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चूक त्याची नव्हती. त्यानं नियमाप्रमाणं केलं होतं, आणि मजकूर माझा, सही माझी, शिक्का माझा. मी कपाळाला हात लावून बसले.

प्रेमलाला निरोप धाडला, जरा येऊन जा. तिनं उलटा निरोप पाठवला, खुलासा लेखी देते. सोमवारी तो आला. अजिनाथमार्फत, आवक क्रमांकासकट. वर लिहिलं होतं, 'मा. मुख्याध्यापिका यांचे सेवेशी.' थट्टेतलं 'हेडबाई' सोडलं तर पंचवीस वर्षांत तिनं मला रुद्रीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. रुद्राणी हे माझं पूर्ण नाव तिला आठवतं की नाही, याचीही मला शंका होती.

खुलासा सात ओळींचा होता. 'आपण नोंदवलेले सर्व शेरे मला मान्य आहेत. गेल्या तीन वर्षांपासून माझ्या डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले असून उजव्या कानाने फार कमी ऐकू येते. विद्यार्थी काय विचारतात ते मला समजत नाही, म्हणून मी पुस्तक वाचून दाखवते. मन काढून घेतलेले नाही. खंत वाटते. ही बाब मी कोणासही सांगितलेली नाही. आपली विश्वासू.'

मी तो कागद चार वेळा वाचला. दोन वर्षं ही बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होती, आणि मला पत्ता नाही! लोणच्याची फोड दिसली, ते दिसलं नाही.

शाळा सुटल्यावर मी तिला गाठायला धावले. ती सायकल स्टँडजवळ स्कूटर काढत होती. आजूबाजूला शिक्षक, पोरं, सगळा गलबला. मी जवळ जाऊन म्हटलं, "प्रेमा, ऐक ना." तिनं वळून बघितलं नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही. मग कळलं, मी डाव्या बाजूला उभी होते. उजवीकडं गेले. मला जे बोलायचं होतं ते हळू बोलायचं होतं, आणि हळू बोललेलं तिला ऐकू येत नव्हतं.

"तो अहवाल खरा नव्हता गं!" मी ओरडले. "माझ्या कोर्सचा होता! स्वाध्याय होता!"

दोघं-तिघं शिक्षक थबकले.

"त्यातलं खोटं काय होतं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली, काही नाही म्हणून.

"खोटं काही नव्हतं. मग तोंडावर का नाही बोललीस? रोज समोर बसत होते की तुझ्या."

"तू यायची बंद झाली असतीस म्हणून!"

"काय?"

"तू जेवायला यायची बंद झाली असतीस म्हणून नाही बोलले!" हे मी भर मैदानात ओरडून सांगितलं, अख्ख्या शाळेसमोर. गाल पेटले माझे. तरी थांबले नाही. "आणि तू का नाही सांगितलंस कानाचं? मला? मला नाही सांगायचं?"

"तू हेड झालीस. तुला सांगितलं असतं तर तू दाखला मागितला असतास, फाईलला लावला असतास. तुला लावावाच लागला असता. माझी सहा वर्षं राहिलीत, रुद्री. मला भीती वाटली."

"मैत्रीण म्हणून सांगायचंस!"

"मैत्रीण म्हणून तूच बोलत होतीस की. मला बोलायला जागा कुठं होती?" ती हे रागानं बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "आणि खरं सांगू? तुझंही मला निम्मं ऐकू यायचं नाही. तोंडाकडं बघत बसायचे. तू हसलीस की हसायचे, तू चिडलीस की मान हलवायचे."

"मग कशाला येत होतीस गं रोज?"

"तू एकटी जेवली असतीस ना." तिनं किल्ली फिरवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं काम केलं ते शेरा रद्द केल्याचं पत्र काढलं. या वेळी वाचून सही केली. तीही चूकच झाली. शिक्षक-खोलीत चर्चा सुरू झाली, की बघा, मैत्रिणीचा शेरा आठवड्याच्या आत निघतो, आमचा निघेल का? बजाबाईनं मला हे येऊन सांगितलं. म्हणजे आता प्रेमला माझ्या खोलीच्या दारात दिसली असती तरी लोक म्हणाले असते, आली पाय धरायला. तिलाही हे कळत होतं. ती कामापुरतीसुद्धा येईना, कागद अजिनाथच्या हाती पाठवायची.

स्वाध्याय मी जमा केला. शिवयोगी सरांनी त्याच्यावर वीसपैकी एकोणीस गुण दिले आणि तास संपल्यावर मला थांबवून घेतलं. "बाई, असा अहवाल मी आजवर वाचला नाही. माणूस दिसतं त्यात." मी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, मैदानातलं ओरडणंसुद्धा. त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "जेवता कुणाबरोबर आता?"

"एकटीच."

"नानू हंग," ते पुटपुटले. मीपण तसाच. मग मराठीत म्हणाले, "बावीस वर्षं. कोर्सच्या पुस्तकात हे घाला म्हणून मी दोनदा लिहून पाठवलं. कुणी घातलं नाही."

प्रेमलानं कानाचं मशीन घेतलं. दीड महिन्यात नववीचा वर्ग पालटला. मी व्हरांड्यातून जाताना ऐकते, पोरं विचारतात, ती उत्तर देते, मध्येच कुणाची तरी फिरकी घेते आणि अख्खा वर्ग हसतो. तिच्या वह्यांचे गठ्ठे वेळेवर तपासून होतात. तक्रार करणाऱ्या पालकांपैकी एकजण मुद्दाम येऊन मला म्हणाला, "मॅडम, तुमी चांगलं लक्ष घातलं." मी "हो हो" म्हटलं. पुस्तकाप्रमाणं बघितलं तर मी यशस्वी मुख्याध्यापिका आहे. घरी जाऊन त्या दिवशी मी ढसाढसा रडले.

मग माझ्या मनानं घेतलं. म्हटलं, आता तिला ऐकू येतं. दोन वर्षांत जे निम्मं तिच्यापर्यंत पोचलं नाही ते सोडून देऊ, आणि या खेपेला मी गप्प बसते, तिला बोलू दे. ती खोलीत येऊ शकत नसेल तर मी जाते. रीत गेली खड्ड्यात. लोक काय, दोन दिवस बोलतील आणि थकतील. रात्रीच ठरवलं, सकाळी दोघींना पुरेल एवढी मेथीची भाजी केली, आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन शिक्षक-खोलीकडं निघाले. पहिल्या दिवशी नोकरीला आले तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते.

दारातूनच हसणं ऐकू आलं. कुणीतरी कुणाची तरी नक्कल करत होतं. प्रेमलाला ठसका लागला होता.

मी आत पाऊल टाकलं. हसणं थांबलं. पंधराच्या पंधरा जण हातातला घास टाकून उभे राहिले. प्रेमलाही उभी राहिली. उष्टा हात तिनं पाठीमागं नेला होता.

"अहो, बसा बसा," मी म्हटलं. "जेवा ना."

कुणी बसेना. माझ्या हातातल्या डब्याकडं कुणी बघत नव्हतं, बघायचंच नाही असं सगळ्यांनी ठरवल्यासारखं. मी असेपर्यंत ही माणसं जेवणार नाहीत, त्यांच्या भाकऱ्या वाळत पडतील, हे मला उभ्या उभ्या कळलं. मी प्रेमलाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, नीट, सरळ. डोळे भरले होते का तिचे, मला सांगता येणार नाही. माझेच भरले होते. काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी अगदी हळू, पुटपुटल्यासारखं विचारलं, "नववीच्या वह्या झाल्या का तपासून?"

तिला एका झटक्यात ऐकू गेलं.

"झाल्या, मॅडम," प्रेमला म्हणाली.